डावीकडे एक खूण कमी

त्या शनिवारच्या यादीत सहा कामं होती. पहिली चार दुपारच्या जेवणाआधीच संपली: गहू वाळत घालणे, यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणे, गॅसचा नंबर लावणे, अंगणवाड्यांचा महिन्याचा अहवाल पूर्ण करणे. पाचवं काम मी असं लिहिलं होतं: 'मोटारसायकलचं मागचं चाक काढणे, आतले रबर बदलणे, चाक सरळ बसवणे.' आणि सहावं: 'रविवारी सकाळी गाडी धाड गावच्या गिऱ्हाइकाला देणे.'

सहावं काम मी यांना विचारून लिहिलं नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी यांना लकव्याचा झटका आला. हलकाच आहे, असं डॉक्टर म्हणाले. उजवा पाय बऱ्यापैकी परत आला, उजवा हात निम्मा आला, आणि बोलणं थेंबाथेंबानं येऊ लागलं. शब्द डोक्यात तयार असतो, पण तोंडापर्यंत येताना वाटेत कुठंतरी सावलीला बसून राहतो. जनावरांच्या दवाखान्यात यांची सगळी नोकरी झाली. अमडापुराच्या चहूबाजूंच्या वाड्यावस्त्यांवर, पांदणींतून, नाल्यांतून हे याच गाडीवरून फिरले. कुणाची गाय अडली, कुणाची म्हैस चाऱ्याला तोंड लावत नाही, की निघाले. आता गाडी अंगणातल्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती आणि हे रोज चहा झाला की तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे.

मला ते बघवत नव्हतं. ज्याचा उपयोग उरला नाही ते डोळ्यांसमोरून गेलेलं बरं, असा माझा हिशेब. धाडच्या एका दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यानं गाडीबद्दल विचारलं, मी फोनवर हो म्हटलं आणि जेवताना यांना सांगितलं. यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाकडी... देऊ नको."

गाडी देऊ नको, असं म्हणाले नाहीत. वाकडी देऊ नको, म्हणाले. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला आणि यादीत पाचवं काम घातलं. आजारपणाच्या आधीपासून मागच्या चाकातून कट-कट आवाज यायचा. चाकाच्या तुंब्यातले, धक्के झेलणारे रबर झिजले होते. ते बदलायचं राहून गेलं होतं.

गॅरेजला न्यायचा प्रश्न नव्हता. मागच्या चाकाला यांनी कधीच कुठल्या मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. पंक्चर असलं तरी चाक घरी काढायचे, हातात धरून दुकानात न्यायचे आणि घरी आणून स्वतः बसवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. पुरुषांची काही खुळं असतात, त्यातलं एक म्हणून सोडून दिलं.

मी मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, वहीत बारा पायऱ्या लिहून काढल्या, नट खोलायचे पाने क्रमानं पोत्यावर मांडले आणि नटबोल्ट ठेवायला मसाल्याचा जुना डबा घेतला. सात वाट्यांचा. कुठला नट कुठल्या वाटीत, तेही लिहून ठेवलं. हे खुर्चीवरून बघत होते. ताडपत्री काढली तेव्हा यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही, कारण मी वहीत पाहत होते.

डबल स्टँडवर गाडी चढवताना मात्र वही कामाला आली नाही. दोनदा जोर केला, गाडी हलेना. यांनी डाव्या पायानं जमीन आपटून दाखवली. म्हणजे ओढू नको, स्टँडवर उभी राहा. मी अख्खा भार स्टँडच्या दांडीवर दिला आणि गाडी अलगद मागे सरकून उभी राहिली. मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर आलं आणि मी ते हातानं जोरात फिरवून दिलं.

ते चाक फिरताना मी बघत बसले. माघ संपत आला होता, दुपार गरम व्हायला लागली होती, गव्हाचा वास अंगणभर पसरला होता. तारा आधी वेगवेगळ्या दिसत होत्या, मग त्यांचं एक पातळ, चांदीसारखं पाणी झालं, आणि त्या पाण्यापलीकडे भिंत, तुळस, खुर्चीतले हे, सगळं हलकं हलकं तरंगायला लागलं. साखळी टिक-टिक करत होती. किती वेळ गेला कळलं नाही. चाक थांबलं तेव्हा मी कितव्या पायरीवर होते, ते वहीत शोधावं लागलं.

"काऊन बाई, गाडीचं ऑपरेशन करून राह्यल्या का?"

फाटकाशी चाचा उभे होते. समोरच्या घरात राहतात. वेल्डिंगचं दुकान होतं त्यांचं. आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून घरी असतात आणि गल्लीत कुणाच्या घरी पाना वाजला की बरोबर हजर होतात.

"हो चाचा. या, बसा."

"बसतो ना. पण पेशंटची सही घेतली का?" त्यांनी यांच्याकडे मान वळवली. "काय डाक्टर, तुमच्या बायकोच्या हातात पाना! मी त म्हणतो, गाडीले भूल देऊन टाका आधी."

यांचा ओठ डाव्या बाजूनं हलला. हसले हे.

ब्रेकचा रॉड सोडवला, त्याची स्प्रिंग आणि पिन एका वाटीत. ब्रेकच्या आधारपट्टीचा बोल्ट दुसऱ्या वाटीत. मग एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा नट, तो काही केल्या निघेना. चाचा म्हणाले, "हातानं नाही बाई, वजनानं." मी पान्यावर पाय दिला. कट्ट आवाज करून नट हलला. एक्सल ओढून काढताना चाकाजवळची लोखंडी नळी टपकन् खाली पडली. ही कुठल्या बाजूची? माझ्या यादीत ती नव्हती. यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातच राहिला, मग डाव्या हातानं उजव्या हाताला थोपटलं. उजवीकडची. मी ते लिहून घेतलं.

चाक मडगार्डखालून सुटेना. गाडी जरा आणखी उंच हवी होती. यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "पाट."

"जेवायचा पाट? गाडीखाली?"

"जु... ना."

जुना पाट स्टँडखाली सरकवला आणि चाक माझ्या मांडीवर आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड, आणि ऊन लागल्यामुळे एखाद्या जनावराच्या अंगासारखं कोमट. मडगार्डच्या आतल्या बाजूला मातीचे थर वाळून बसले होते. मी खुरप्यानं ते काढू लागले. वरचा थर इथला, घाटावरचा, तांबूस मुरमाड. त्याखाली काळा, गुळगुळीत. घाटाखालचा. तो वडनेर भोलजीचा असणार, माझ्या माहेरचा. दोन वर्षांपूर्वी भावाकडे गेलो होतो तेव्हाचा. त्याखाली पुन्हा तांबडा, पुन्हा काळा. एकेक ढेकूळ निघत होतं आणि मला वाटत होतं, यांच्या सगळ्या वाटा उलट्या क्रमानं अंगणात उतरताहेत. शेवटच्या थरात गवताची एक काडी होती. ती मी फेकली नाही. का नाही फेकली, सांगता येणार नाही. वाटीत ठेवली, स्प्रिंगशेजारी.

रबर बदलले, ब्रेकमधली काळी भुकटी पुसली, चाक परत घातलं, एक्सल सरकवला. आता सरळ बसवायचं.

मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांमध्ये धरलेलं असतं त्याला चिमटा म्हणतात. चिमट्याच्या दोन्ही टोकांना ओळीनं बारीक खुणा असतात. डावीकडे आणि उजवीकडे चाक सारख्याच खुणेवर आणलं की ते सरळ, असं दोन्ही व्हिडिओंतली माणसं म्हणाली होती. मी डावीकडची तिसरी खूण धरली, उजवीकडची तिसरी खूण धरली, नट आवळायला घेतले.

"नाही," हे म्हणाले.

"बरोबर आहे. तिसरी आणि तिसरी. बघा."

"नाही व."

"अहो, मोजलं ना मी."

चाचांनी तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. चाचांनी तोंड मिटलं, दोन्ही हात वर केले. "आपण काही पाह्यलं नाही, काही ऐकलं नाही. मी त इथं नाहीच."

अकरा महिन्यांत यांनी पहिल्यांदा कुणाची तरी थट्टा चालवली होती, आणि ती माझी होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मी नट आवळले. वहीत नववी, दहावी, अकरावी पायरी खोडली. चाक हातानं फिरवलं. छान फिरलं. आवाज गेला होता.

"झालं," मी म्हटलं.

यांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. तिथं कपडे वाळत होते. मला वाटलं, कपडे काढायची आठवण करताहेत. पण हे बोट खाली घेईनात.

"काय? टॉवेल?"

"दोरी."

ती दोरी माझ्या माहेरची. कापूस लावायची. दीड-दीड हातावर लाल चिंध्या बांधलेल्या. वावरात दोन टोकांना दोघांनी धरून ताणायची, जिथं चिंधी येईल तिथं सरकी टोचायची, म्हणजे पुढं उभा आणि आडवा, दोन्हीकडून तण काढणारा बैलांचा डवरा चालतो. वडिलांचं वावर भावाकडे आलं, ट्रॅक्टर आला, दोरी अडगळीत पडली. मी घरी आणून तिच्यावर कपडे घालत होते. चिंध्यांचा लाल रंग उडून विटकरी झाला होता. इतक्या वर्षांत मी त्या चिंध्यांना कपडे टाकायच्या खुणा समजत होते: इथं साडी, इथं पंचा.

कपडे उतरवले, दोरी सोडली, एक टोक यांच्या डाव्या हातात दिलं. हे खुर्ची सोडून मागच्या चाकामागे, चाचांचा खांदा धरून, खाली बसले. मी पुढच्या चाकापुढे उकिडवी बसले. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोरी मागच्या टायरला लावून पुढपर्यंत ताणली.

"ताण," हे म्हणाले.

आणि अंगण गेलं. मी दहा-अकरा वर्षांची, घाटाखालच्या त्या सपाट, काळ्या वावरात, जिथं बघावं तिथं जमिनीला टोक नाही. दुसऱ्या टोकाला वडील, इतके लांब की उन्हात त्यांचे पाय वितळल्यासारखे दिसायचे. धुरळ्यातून त्यांचा आवाज यायचा, "ताण! दोरी मातीले टेकू देऊ नको! नजर दोरीवर, पायाकडे नाही!" सगळ्या बहिणींत दोरी धरायला मीच. माझी नजर सरळ, असं ते म्हणायचे. माझ्या हातात दोरी थरथरायची आणि ती थरथर त्यांच्या हातापर्यंत जाते हे मला कळायचं. बोलायची गरज नसायची. त्यांनी किंचित ओढलं की मी पाऊलभर सरकायची.

आता दुसऱ्या टोकाकडून तशीच थरथर आली. यांच्या डाव्या हाताची.

मी दोरीवर नजर धरली. मागच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कडांना दोरी टेकायला हवी होती. एकाच कडेला टेकत होती. दुसऱ्या कडेशी बोट जाईल एवढी फट. बाजू बदलून पाहिलं. तिकडे उलट. दोन्ही खुणा बरोबर होत्या आणि चाक वाकडं होतं.

मी वर पाहिलं. दोघेही माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा पेपर वाटल्यावर गुरुजी बघतात तसे.

"खुणा खोट्या आहेत," मी म्हटलं.

"आता बोलू का डाक्टर?" चाचांनी विचारलं. यांनी मान हलवली तसे ते सुटलेच. "खोट्या म्हणजे! मीच केल्या खोट्या. हा चिमटा एकदा वाकला होता बाई. दुकानात आणला, तापवला, ठोकला, जोडला. पण केसभर फरक राह्यलाच. तवापासून या गाडीचं असं हाय: निशाण पाह्यलं का फसला."

"म्हणून मिस्त्रीला हात लावू देत नव्हते?"

"मंग! मिस्त्री खुणा पाहून बसवणार ना."

"वाकला कशानं पण?"

चाचांनी दाढी खाजवली. "ते यायलेच इचारा, डाक्टरले."

हे दोरीचं टोक बोटांना गुंडाळत दुसरीकडेच बघायला लागले.

"डावीकडे..." हे म्हणाले, आणि थांबले. आम्ही दोघेही थांबलो. "डावीकडे एक... खूण... कमी."

मी डावीकडचा नट सैल केला, चाक एका खुणेनं पुढं ठोकलं. दोरी ताणली. दोन्ही कडांना टेकली. बाजू बदलली. टेकली. पुढचं टायर बारीक, तिथं दोन्ही बाजूंना सारखीच फट. साखळीचा ढिलेपणा पाहून सगळं पुन्हा आवळलं, आणि वहीतली नववी पायरी खोडलेली होती तिच्याशेजारी लिहिलं: 'डावीकडे एक खूण कमी.'

उन्हं कलल्यावर यांनी हेल्मेट आणलं. माझं. दुसरं स्वतःच्या डोक्यात घातलं. गियरची गाडी मी याच गाडीवर शिकले होते, लग्नानंतर, पण आता रोजची माझी स्कूटी. पाय विसरला होता की काय, अशी भीती वाटली. हे मागे बसले, डावा हात माझ्या खांद्यावर. गल्लीतून बाहेर निघालो तेव्हा चाचा ओरडले, "सावकाश! मागं पेशंट हाय, पुढंबी पेशंटच हाय!"

चिखलीच्या रस्त्यावर गर्दी नव्हती. दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली रिकामी वावरं, त्यांच्यावर संध्याकाळचा पिवळा उजेड साचलेला. तिसऱ्या गियरमध्ये गाडीचा आवाज एकसारखा झाला. कट-कट नाही. नुसती एक गुणगुण, खालून पायांत, पायांतून पाठीत येणारी. मागून यांनी खांद्यावर दोन बोटं वाजवली.

"हात... सोड."

सोडले नाहीत. पण बोटं मोकळी केली, तळवे हँडलवर नुसते टेकवून ठेवले, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर टेकवावेत तसे. गाडी कुठंही वळली नाही. सरळ चालली होती, ताणलेल्या दोरीवरून चालल्यासारखी. मला वाटलं, रस्ता हलतो आहे आणि आम्ही दोघं जागेवरच आहोत. झाडं मागे जात होती, त्यांच्या सावल्या आमच्या अंगावरून चढून उतरत होत्या, आणि यांचं वजन माझ्या खांद्यावर हलकं होत चाललं होतं.

"सरळ," मागून आवाज आला. एकदम स्वच्छ, न अडखळता.

वळणावरच्या पाणपोईपाशी मी गाडी थांबवली. इंजिन बंद केल्यावर सगळीकडे फार शांत झालं. जे मी फोनवर हो म्हणण्याआधी विचारायला हवं होतं ते तिथं विचारलं.

"गाडी द्यायची का? का राहू द्यायची? मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

यांनी वावरांकडे पाहिलं, मग गाडीच्या टाकीवरची धूळ डाव्या तळव्यानं पुसली. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं: द्यायची नाही. मी चालवीन, हे मागे बसतील. रविवारी गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते वाक्य मी दोन प्रकारे लिहून ठेवलं.

गिऱ्हाईक सकाळी आठलाच आलं. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, बोलका शेतकरी. गाडीभोवती फिरला. "दोन्ही बाजूनं दुधाच्या कॅना लटकवायच्या हायेत जी. झोल त खात नाही ना?"

मी तयार केलेलं वाक्य बोलायला सुरुवात केली. "असं आहे भाऊ, की आम्ही..."

हे खुर्चीवरून उठले. माझ्यासमोरून गेले, कपड्यांची दोरी सोडली, टॉवेल माझ्या हातात दिला आणि दोरीचं एक टोक त्या माणसापुढे धरलं.

"धर."

त्यानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला सरकले. त्यानं दोरी धरली आणि यांनी त्याला पुढच्या चाकापाशी बसवलं. मग पुढचा पाऊण तास हे बोलले. एकेक शब्द, मध्ये मोठाल्या फटी, पण बोलले. दोरी कुठं टेकली पाहिजे. टेकवायची, दाबायची नाही. नळी उजवीकडची. स्टँडखाली पाट. "खुणेचं... ऐकायचं नाही. डावीकडे... एक कमी." त्या माणसाकडून दोनदा वदवून घेतलं. नट सैल करून चाक मुद्दाम वाकडं केलं आणि त्याच्याच हातानं सरळ करवलं. त्यानं आवळलेला नट हे डाव्या हातानं तपासत होते, आणि मला कळलं की उत्तर कालच ठरलेलं होतं, फक्त ते मला सांगण्यासारखं नव्हतं, दाखवण्यासारखं होतं.

"पण जी, हा चिमटा वाकला कशानं?" त्या माणसानं विचारलं.

चाचा तोवर फाटकाला टेकून उभे होतेच. ते आधीच हसायला लागले.

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हात सोडून... चालवत होतो."

"आँ?"

"गाणं... म्हणत. बाभ... बाभळीत गेलो."

चाचांना खोकला लागला. "आन् मले म्हणे, बायकोले सांगशील त तुझ्या बकऱ्या पाहणार नाही!"

इतकी वर्षं रोज सकाळी फाटकाशी उभी राहून मी यांना 'जपून जा' म्हणत होते, आणि हे मान डोलावून, घडी घातल्यासारखे नीट, हळू कोपऱ्यापर्यंत जायचे. कोपऱ्यापुढचं मला काय माहीत! मी चिडायचं ठरवलं. पण डोळ्यांसमोर तो रिकामा रस्ता आला, आणि दोन्ही हात पसरून गाणं म्हणत चाललेले हे, तरुण, कुणी बघत नसलेले, आणि माझ्या तोंडून हसूच बाहेर पडलं. मला टॉवेलनं तोंड पुसावं लागलं.

"मला का नाही सांगितलं?"

"इचारलं... नाही तू."

किल्ली यांनीच दिली. गाडी कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर आम्ही तिघं ऐकत होतो. आवाज एकसारखा होता. वळताना गियर बदलल्याचा एक ठोका, आणि मग काही नाही. पत्र्याखाली पाट, खुर्ची आणि तेलाचा एक गोल डाग राहिला.

मी वही उघडली. सहाव्या कामापुढे खूण करायला पेन टेकवलं आणि वही यांच्यापुढे धरली. यांनी डाव्या हातानं एक रेघ ओढली. वाकडी आली. तिच्याकडे पाहून नाक मुरडलं.

मग हे खुर्चीत बसले नाहीत. खुर्ची उचलून, ओढत, अडखळत, अंगणाच्या दुसऱ्या बाजूला नेली, माझ्या स्कूटीसमोर ठेवली आणि वाकून तिच्या मागच्या चाकाकडे बघू लागले.

"आता तिला काय झालं?" मी विचारलं.

"वाकडं."

"काही वाकडं नाही. मी रोज चालवते."

यांनी डावा हात माझ्याकडे लांब केला, तळवा वर. दोरी अजून अंगणात तशीच पडली होती. मी टॉवेल खांद्यावर टाकला, दोरी उचलली, एक टोक त्या तळव्यावर ठेवलं आणि दुसरं घेऊन पुढच्या चाकापुढे जाऊन बसले.

"ताण," हे म्हणाले.